दोन टिंबं

उद्यमबागेत, फौंड्रीच्या ड्रॉइंग-ऑफिसात
एकतीस वर्षं मी कागद सांभाळलो.
आमच्याकडं असंच बोलतात, ‘सांभाळलो’;
पुण्याच्या पाहुण्यांनी हसून घ्यावं.
पंपाचं केसिंग कुठल्या नळीत,
व्हॉल्व्हचं झाकण कुठल्या कप्प्यात,
डोळे मिटून हात जायचा.

मग सगळे कागद कॉम्प्युटरात गेले
आणि हात आंधळा झाला.
पिवळ्या पाकिटात पिवळं पाकीट,
त्याच्यात अजून एक:
‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘नवीन खरं हेच’,
‘पायगोंडा शेठ फायनल’, ‘फायनलच्या नंतरचं’.
माऊस दाबून दाबून बोट सुजलं.
पडद्यावर अकरा खिडक्या उघड्या
आणि फोनवर गोकाकचं गिऱ्हाईक,
“यल्लोजीराव, सापडलं काय हो?”

विद्याश्री अंगडी बैलहोंगलची.
वय तेवीस, डब्यात कडक भाकरी अन् शेंगाचटणी.
ती आली, सगळ्या खिडक्या बंद केली.
उरला काळा पडदा
आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ, लुकलुकणारी,
दारात येऊन उभं राहिलेल्या,
काही न मागणाऱ्या माणसासारखी.

“आधी विचारायचं काका, ना एल्लि अदीनि, मी कुठं हाय?”
आणि टाइप केली: पीडब्ल्यूडी.
मला हसूच आलं.
खानापूरच्या रस्त्यावर, खड्ड्याखड्ड्याला,
ह्याच तीन अक्षरांना जन्मभर शिव्या दिलो.
इथं ती विचारल्याबरोबर
मुळापासून पत्ता सांगतात,
तिरक्या रेघा ओढत.

सीडी, मग दोन टिंबं: एक पायरी वर.
परत दोन टिंबं: अजून एक.
माळ्यावरनं नळ्या काढताना गुडघे बोलायचे,
इथं कोणीच बोलत नाही.

“नाव पुरं लिहू नका. ‘पा’ लिहा, टॅब दाबा.”
गणपत गल्लीत मी ‘कुं’ म्हणेपर्यंत
पाव किलो कुंदा कागदात बांधून होतो,
तसं ते नाव आपसूक पुरं झालं.
एकदा नाही झालं. टिंग वाजलं.
पायगोंडाही होते आणि पाटीलही,
त्याला कळेना कुणाच्या घरी न्यावं.
अजून एक अक्षर द्यायचं, बास.

आणि आडवी रेघ:
सीडी, जागा, रेघ, की जिथनं आलो तिथं परत.
हे मला शिकवायला नको होतं.
आम्ही वाक्य कन्नडात सुरू करतो,
क्रियापदाला मराठीत येतो,
चहाचे पैसे देताना परत तिकडं.

एकाच गावाची तीन पाकिटं निघाली,
तीन स्पेलिंगं, तीन सालांच्या लेटरहेडांवरची.
“ह्यातलं बरोबर कुठलं?” ती विचारली.
मी चष्मा पुसत बसलो.
मग तिनंच ड्रॉइंगं एका ठिकाणी ठेवली
आणि उरलेल्या दोन नावांना
तिकडची वाट बांधली.

गोकाकचा पंप सत्त्याण्णवचा.
शोधायला लावल्यावर ओळी धावल्या
आणि थांबल्या दस्तगीर मिस्त्रींच्या नावावर.
पॅटर्न-शॉपचे दस्तगीर. जाऊन सहा वर्षं झाली.
मी नळ्यांत, कपाटांत, अकरा खिडक्यांत
त्यांच्याकडं कधी पोचलोच नव्हतो.
पंप होता. खाली एक जास्तीची फाइल:
‘पाळणा’.
सागवान, कड्या चार,
मापं मिलिमीटरमध्ये, गोलाई हातानं दुरुस्त केलेली.
ऑर्डर नंबर नाही. गिऱ्हाइकाचं नाव नाही.

गोकाकला सांगितलो, सापडलं, पाठवतो.
विद्याश्रीला म्हटलो,
ह्या जागेला एक लहानसं नाव देऊन ठेव,
दोन अक्षरांचं.
रोज जायचं नाही तिथं.
खरं, जायचं झालं तर
वाट विचारत बसायला नको.